हुबेहूब सही
अमेरिकेतल्या निवडणुकीत टपाली मतांच्या पाकिटांवरच्या सह्या नोंदीतल्या जुन्या सह्यांशी ताडून पाहताना डोरीनच्या हाती वडिलांचंच पाकीट आलं. शेजारी विरोधी पक्षाचा तपासनीस कर्टिस होता. दोघांचं एकमत झालं तरच पाकीट पुढे जायचं. “जुळतेय की, टाक पुढे,” तो म्हणाला. सही हुबेहूब होती. हीच पंचाईत! वडिलांचा उजवा हात मार्चपासून अर्धांगवायूने लुळा होता. गेल्या निवडणुकीत डोरीनच्या पक्षाचा उमेदवार इथे अकरा मतांनी पडला होता. तरी तिने पाकीट नाकारलं. संध्याकाळी फेरसहीचा कागद घेऊन ती घरी गेली; त्यावरची वडिलांची सही जुळली, तरच मत मोजलं जाणार होतं. “मीच केली सही,” आई कडाडली. “तुझ्याच पक्षाचं मत होतं, बये! आता राष्ट्राध्यक्ष त्यांचा झाला तर?” वडिलांनी डाव्या हातात पेन धरलं. घामाघूम होत वाकडीतिकडी रेघ ओढली आणि ते अर्ध्या ओठांनी हसले. रेघ जुन्या सहीशी जुळत नव्हती. सकाळी तो कागद कर्टिसपुढे जाणार होता.