तापाचा आकडा

"आजी, पंखा हलवू नकोस!" नात ओरडली.

ऑनलाइन खेळात मागे पडू नये म्हणून तिने लॅपटॉपला कंपनीने ठरवलं त्याहून जास्त पळायला लावलं होतं. खालून हवा लागावी म्हणून त्याच्याखाली माझा पोळपाट, समोर घरातला एकुलता एक टेबलफॅन. तरी मेला इस्त्रीसारखा तापायचा. आज टीमसाठी तिची निवड होणार, म्हणून मुलगा आणि सून पडद्यावरच्या तापाच्या आकड्याकडे डोळे लावून बसले होते. पोळपाट गेला म्हणून भाकऱ्या थापत घामाघूम झालेली मी कुणाला दिसणार?

पाणी देताना तिचा हात लागला. चटकाच बसला.

"अगं, तुला ताप आहे!"

"आई, एवढा डाव होऊ दे," मुलगा म्हणाला.

"तुझ्या लेकीच्या कपाळावर आकडा उमटत नाही, म्हणून थांबू होय रे?"

मी पंखा तिच्याकडे वळवला. थोड्याच वेळात लॅपटॉप तापून बंद पडला.

"हरले मी! आता मला कोण घेणार?"

भांडायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. पदर ओला करून तिच्या कपाळावर ठेवला.

"मला शिव्या घाल हवं तर," मी म्हणाले, "पण आडवी पडून घाल."