तेलाच्या डब्यातला शेपू

गच्चीवरच्या तेलाच्या डब्यातला शेपू शिवकांताने मुळासकट उपटला, सगळाच्या सगळा. घरमालकीण बेगमबी कपडे वाळत घालता घालता बघतच राहिली.

"लेकीला वास सोसत न्हाई म्हनता, अन् तिलाच करून घालता?"

"म्हनूनच."

"ताट फेकंल की ओ पोरगी!"

"फेकू द्या. चार शिव्या दिल्या तरी चालतंय."

शिरूर अनंतपाळला घरी शेपू शिजला की उज्वला घर डोक्यावर घ्यायची. नाकाला ओढणी लावून दारातूनच भांडायची आणि शेजारी जाऊन जेवायची. लातुरात क्लास लावून आता तिसरं वर्ष. नीटच्या दुसऱ्या निकालातही डॉक्टरकीला नंबर लागला नाही आणि पोरगी एकदम शहाणी झाली. विचारलं तर 'हं', नाही विचारलं तर तेही नाही. मग शिवकांताने गावाकडून बी आणून डब्यात टाकलं. डबा गच्चीवरच्या खोलीच्या दारातच ठेवला. आज ना उद्या ओरडेल, असं तिला वाटलं होतं. शेपू वीतभर वाढला, तरी उज्वला त्याला ओलांडून जात-येत राहिली.

आज शिवकांताने मुगाची डाळ आणि ठेचलेला लसूण घालून भाजी केली. खिडकी मुद्दाम लावून घेतली. वास अंथरुणातसुद्धा शिरला.

दोन वाजता उज्वला आली. हात धुऊन, मांडीवर नोट्स घेऊन जेवायला बसली. शिवकांताचा जीव टांगणीला लागला. पहिला घास गेला, दुसरा गेला. भाकरी संपली, तशी शिवकांताने डावभर भाजी आणखी वाढली. तीही गेली.

"कशाची हाय गं भाजी?" शेवटी तिनेच विचारलं.

उज्वलाने पान उलटलं, मग ताटाकडे पाहिलं. ताट रिकामं होतं.

"मेथीची न्हाई का?"

"हाव," शिवकांता म्हणाली. "मेथीचीच."

उज्वला क्लासला गेली तशी बेगमबी लगबगीने जिना चढून आली.

"आवाज कसा न्हाई आला? फेकलं का ताट?"

शिवकांता रिकामी कढई पुढ्यात घेऊन बसली होती.

"सगळी खाल्ली," ती म्हणाली आणि तिला हुंदका आवरेना. "सगळी खाल्ली हो, बेगमबी."