तापातलं बोलणं

“नर्मदे, शीड उतरव! सुकाणू सोडू नको!”

हरेश्वर दवाखान्यातल्या खाटेवरून ओरडला आणि अंगावरची घोंगडी त्यानं लाथेनं उडवली. धाकटा भाऊ चिंतू त्याचे खांदे दाबून उभा होता. कपाळावरची ओली पट्टी बदलता बदलता नर्मदेचा हात थांबला. गेल्या दहा वर्षांत नवऱ्यानं चार माणसांत तिला नावानं हाक मारली नव्हती.

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झाल्यापासून बोईसरच्या या दवाखान्यात एक गोरा डॉक्टर येत असे. त्यानं हरेश्वरची नाडी पाहिली, सुई दिली, नर्सला म्हणाला, “रेव्हिंग,” आणि पुढच्या खाटेकडे वळला.

“काय बोलला तो?” नर्मदेनं विचारलं.

“तापात बरळतायत, म्हणाले,” नर्स सुगंधा म्हणाली.

“बरळतोच हाय,” चिंतू घाईनं बोलला. नवापूरहून भेटायला आलेले गावचे वडीलधारे रामूतात्या भिंतीशी बसले होते, त्यांच्याकडे त्यानं चोरून पाहिलं.

हरेश्वरचं चालूच होतं. “मी नाय आनली होडी. मी पडलो होतो. हिनं आनली, एकटीनं. लाट डोक्यावरून गेली तरी हात नाय हलला हिचा. असा होडी हाकणारा तांडेल हाय का कुनाकडं? दाखवा.”

रामूतात्या हसले. वैशाखात सातपाटीच्या लग्नाहून नवराबायको परतत होती, तेव्हा वादळ उठलं. डोक्याला खोक पडलेली असताना हरेश्वरनं होडी काठाला लावली, असं सगळं गाव सांगत होतं. देवळात त्याला मानाचा नारळ दिला होता तो रामूतात्यांनीच.

“वयनी, तू सांग ना,” चिंतू म्हणाला. “लोक ऐकतायत. असं काय झालं नाय म्हनून सांग.”

नर्मदेनं पट्टी पिळली. “मी काय सांगू? त्यांचं त्यांना बोलू द्या.”

सुगंधा औषधाची बाटली पुसत होती. ती म्हणाली, “त्या शब्दाची गंमत आहे बघा. मागे हेच डॉक्टर म्हणाले, माझी बायको तुमच्याकडच्या पापलेटावर रेव्ह करते. मला वाटलं, बाईंना ताप आला. मग त्यांनीच समजावलं. तापात बरळणं, रागानं आरडाओरडा करणं, आणि एखाद्याची भरभरून तारीफ करत सुटणं, तिन्हीला त्यांच्यात तोच शब्द.”

“मंग यांचं कोनतं?” नर्मदेनं विचारलं.

सुगंधानं हरेश्वरकडे पाहिलं. “घाम फुटून ताप उतरू दे. मग त्यांनाच विचारा.”

उन्हं कलताना घाम फुटला. हरेश्वरनं डोळे उघडले, पाणी मागितलं, दोन घोट प्यायला. चिंतूचा जीव भांड्यात पडला. तो मोठ्यानं हसत म्हणाला, “दादा, काय काय बोलत होतास! म्हने होडी वयनीनं आनली.”

हरेश्वर हसला नाही. तो बायकोकडे वळला.

“तू मला सांगितलं, तुमीच आनली म्हनून. मला तवाचं काय आठवत नव्हतं, तर मी तेच धरून बसलो.”

नर्मदा खाली बघून म्हणाली, “तुमी तांडेल. तुमच्या होडीवर बाईनं सुकाणू धरलं, हे गावात कसं सांगायचं?”

“आज तापात सगळं परत दिसलं मला. होडीत पडल्या पडल्या डोळे उघडे होते माझे. तुझे पाय दिसत होते, फळीला रोवलेले.”

“दादा, ताप हाय अजून,” चिंतू म्हणाला.

“हात लावून बघ.”

चिंतूनं त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं.

हरेश्वर कोपरावर रेलून उठला. आवाज क्षीण होता, पण शेवटच्या खाटेपर्यंत पोचला. “रामूतात्या, मी शुद्धीत बोलतोय. त्या दिवशी तांडेल ही होती. माझी बायको. गावात असंच सांगा.”

रामूतात्यांचं हसू मावळलं. ते हळूच उठले, बसायचं स्टूल त्यांनी नर्मदेकडे सरकवलं. सकाळपासून ती उभीच होती. ती बसली. डोक्यावरचा पदर मागे सरकला होता, तो तिनं ओढून घेतला नाही.

चिंतू खाटेच्या पायथ्याशी उभा होता. लहानपणापासून तो समुद्रावर होता. त्यानं स्वतःच्या तळव्यांकडे एकदा पाहिलं. मग वहिनीसमोर जमिनीवर उकिडवा बसला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला,

“वयनी, खाडीच्या तोंडाशी तो कातळ हाय. वारा उलटा होता. कसा चुकवलास?”