दुसरी कॉइल

लोखंडी घोडीवर होडीचं एक जुनं इंजिन होतं. त्याला सिलिंडर दोन, कॉइल दोन, प्लग दोन, प्लगच्या रबरी टोप्या दोन, आणि झाकणाच्या अकरा स्क्रूंपैकी आठ. दुकानात माणसं तीन. दाराशी धर्मेंद्र भंगारवाला हातगाडी घेऊन उभा.

लिंबायतच्या या दुकानात सुकलालआप्पा कॉइल हाताने तपासत. प्लगची टोपी काढायची, वायरचं टोक चिमटीत धरायचं आणि कुणाला तरी इंजिनाची दोरी ओढायला लावायची. झटका खांद्यापर्यंत गेला तर कॉइल चांगली, कोपराशी थांबला तर म्हातारी, बसलाच नाही तर मेलेली. तीस वर्षांत हा हात चुकला नाही, असं गिऱ्हाइकं सांगत. आप्पाही सांगत.

पहिल्या कॉइलने आप्पांना खांद्यापर्यंत हलवलं. मग ते धर्मेंद्रला "थांब जरा" म्हणायला बाहेर गेले, परत आले आणि दुसऱ्या कॉइलची वायर धरली. होडीवाल्या गजेंद्रने चार वेळा दोरी ओढली. आप्पा पासपोर्टच्या फोटोला उभे असावेत तसे उभे राहिले.

"मरी गई ती," ते म्हणाले.

ही कॉइल आता कुठेच मिळत नव्हती. म्हणजे इंजिन गेलं, आणि इंजिनामागून गजेंद्रची तापीतली होडी. त्याने इंजिनाच्या झाकणावरून एकदा हात फिरवला आणि धर्मेंद्रला आत बोलावलं.

"एक मिनिट, काका." आप्पांची मुलगी सोनाली, भौतिकशास्त्रातली बी.एस्सी., मीटर घेऊन इंजिनावर वाकली होती. "पहिली कॉइल तीन पूर्णांक दोन किलोओहम, दुसरी तीन पूर्णांक तीन. दोन्ही चांगल्या आहेत. दुसऱ्या प्लगची टोपी तेवढी आतून तुटली आहे. टोपी बाजारात मिळते."

गजेंद्रने मीटरकडे पाहिलं, मग आप्पांच्या हाताकडे.

"पोरी, तुझं हे यंत्र कधीपासून आहे?"

"मंगळवारपासून."

गजेंद्रने धर्मेंद्रला मानेने खूण केली. धर्मेंद्रने इंजिनाची एक बाजू धरली.

सोनाली विचारात पडली. दोन्ही वेळा हात तोच, दोरी तीच, ओढणारा तोच. मग बदललं काय? तिची नजर खाली गेली. मघाशी आप्पा अगरबत्ती लावून तसेच ओल्या फरशीवर अनवाणी उभे होते. आता त्यांच्या पायांत जाड रबरी चपला होत्या. झटका जमिनीत उतरणार कसा?

हे गिऱ्हाइकासमोर बोलली असती तर आप्पांनी मीटरच भंगारात दिलं असतं.

"आप्पा," ती हळूच म्हणाली, "सप्तशृंगीच्या फोटोसमोर चपला?"

आप्पांनी जीभ चावली. चपला दाराबाहेर काढल्या, येऊन फोटोला हात जोडले.

"आता धराच एकदा. शेवटचं."

"मेलेल्या कॉइलला कितीदा जाळशील?" आप्पांनी वायर चिमटीत घेतली. "धर्मेंद्र, बाजूला हो. ओढ रे गजेंद्र, चांगली जोरात. हिचं समाधान होऊ दे."

गजेंद्रने चांगली जोरात ओढली.

तो टोपी आणायला सायकलवर बसला, तेव्हा आप्पा अजून फरशीवर बसलेले होते. सोनालीने मीटर बंद केलं आणि वहीत लिहिलं: दुसरी कॉइल, ३.३ किलोओहम. आप्पा, अनवाणी: डाव्या कानापर्यंत.