मायक्रॉनची सही

"सही नंतर," मायक्रॉन म्हणाले आणि त्यांनी पेन सिस्टरच्या हातात परत दिलं. "आधी कम्प्युटर."

सिस्टरने त्यांच्या बायकोकडे पाहिलं. बायको खाटेच्या पायथ्याशी उभी राहून चादरीचं टोक गादीखाली खोचत होती.

"आजोबा, दोन वाजेपर्यंत संमतीच्या कागदावर सही नसेल तर तीनची वेळ दुसऱ्या पेशंटला जाईल," सिस्टर म्हणाली. "मग तुमचं ऑपरेशन दहा दिवसांनी. तोवर थांबणं बरं नाही, डॉक्टर स्वतः सांगून गेलेत."

"दोनला अजून चार तास आहेत."

चाळीस वर्षं कारखान्यात लेथ मशीनवर लोखंड कातण्यात काढलेला माणूस. मापात एका मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचाही फरक खपवून घ्यायचे नाहीत, म्हणून तिथे त्यांना सगळे मायक्रॉन म्हणत. मशीनवर अर्धवट काम टाकून ते कधी घरी गेले नाहीत.

निवृत्त झाल्यावर लेथ सुटला, तेव्हा त्यांनी घरचा कम्प्युटर हातात घेतला. बायको त्यावर छापखान्यासाठी पुस्तकांची पानं लावायची. तिचं काम झटपट व्हावं म्हणून त्यांनी प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवला. तेव्हापासून तो मधूनच निळी स्क्रीन दाखवून बंद पडायचा. कधी तासाने, कधी पाच मिनिटांत. दोष सापडायच्या आधीच मायक्रॉनच्या छातीत कळ आली.

"अगं, जा तू घरी. मी इथून सांगतो, तू कर."

"तुम्हाला असं सोडून?"

"मी कुठे पळून जातोय? सगळीकडून नळ्या लावून बांधलंय मला."

तिने चादरीचं उरलेलं टोक खोचलं. पिशवी उचलून वॉर्डाबाहेर गेली.

पाऊण तासाने फोन वाजला.

"पोचलीस?"

"बस लगेच मिळाली. सांगा."

"चालू करताना डिलीटचं बटण दाबून धर. आत वेगाचा आकडा अठ्ठेचाळीस दिसेल, तो सत्तेचाळीस कर. व्होल्टेजला हात लावू नकोस. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर दोष कशाचा ते कळत नाही."

"लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय. मिठाची बरणी हलवली तरी हेच."

"बडबड पुरे. सेव्ह कर आणि टेस्ट लाव."

दहा मिनिटांनी त्यांनी तापमान विचारलं.

"एकशे चाळीस."

"एकशे चाळीस? तेवढ्याला तो वितळून टेबलावर सांडेल! चष्मा लाव आधी."

पलीकडे पिशवीत चाचपडल्याचा आवाज आला.

"एकोणऐंशी. एकोणऐंशी आहे हो."

"पंख्याजवळ फोन धर."

फोनमधून घरघर आली. मायक्रॉननी डोळे मिटून ती ऐकली. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटनेही कूस बदलून कान दिला.

"पाती ठीक आहेत. जाळीत धूळ बसलीय. काढ."

"काढते."

साडेअकराला निळी स्क्रीन आली. मायक्रॉननी वेग सेहेचाळीसवर आणायला सांगितला. बाराच्या सुमारास परत तेच. मग व्होल्टेज एक पायरी वाढवलं. साडेबारालाही तेच. सिस्टर कागद घेऊन दोनदा येऊन गेली. दुसऱ्यांदा ती नुसतं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून गेली.

"अहो," बायको फोनवर म्हणाली, "कंपनीने दिलेला वेग होता तो काय वाईट होता?"

"मग मी सहा महिने काय गवत उपटत होतो?"

"तसं नाही. पण पानं लावणार मीच ना? तो कितीही पळाला तरी माझी बोटं त्यांच्याच चालीने चालणार."

मायक्रॉन छताकडे बघत राहिले. फोन कानालाच होता.

"मी परत आलोच नाही, तर तुला तो कोण नीट करून देणार?" सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता. "तेवढ्यासाठी चाललंय हे सगळं."

"ते कळतंय मला."

"मग मागे घे. सगळे आकडे कंपनीचे कर. तुला चालणारं मशीन पाहिजे, पळणारं नको."

"नक्की ना?"

"माझा विचार फिरायच्या आत कर."

त्यानंतरचा तास त्यांनी पापणीही मिटली नाही. दोनला दहा कमी असताना फोन वाजला.

"तास झाला. एकदाही अडकला नाही. तापमान बासष्ट."

"बासष्ट," मायक्रॉन म्हणाले. मग पुन्हा, शेजारच्या पेशंटला ऐकू जाईल असं, "बासष्ट!" त्यांचे खांदे उशीवर सैल पडले. "सिस्टर, आणा तो कागद."

सही त्यांनी रेघेला धरून केली, एक अक्षरही रेघेखाली उतरू दिलं नाही.

अडीचला स्ट्रेचर लिफ्टपाशी पोचलं तेव्हा बायको तिथे धापा टाकत उभी होती.

"बंद करून आलीस ना?"

"नाही. चालूच ठेवलाय. चालू दे."

मायक्रॉन हसले. लिफ्टचं दार लागेपर्यंत हसत होते.

सहा वाजून गेल्यावर डॉक्टर बाहेर आले. टोपी काढत म्हणाले, "व्यवस्थित झालं. ठोके अगदी मापात पडताहेत. उद्या बोलतील तुमच्याशी."

ती बाकावर बसली. आधी हसू आलं, मग रडू, मग दोन्ही एकदम. तळमजल्यावरचा वॉचमन पाण्याचा ग्लास घेऊन वर आला. तिने एका दमात ग्लास रिकामा केला.

"मावशी, आता तरी घरी जाऊन पाठ टेका," तो म्हणाला. "सकाळपासून आमच्या जिन्यात बसून फोनवर आकडे सांगताय, मधेच माझ्या टेबलफॅनला फोन धरताय, एकदा फाटकापर्यंतसुद्धा आला नाहीत."