दर महिन्याचा होकार

सोमणांनी सकाळपासून तिसऱ्यांदा बायकोची उजळणी घेतली. "हवंय का विचारलं, तर काय म्हणायचं?"

"हो म्हणायचं," निर्मलाबाई म्हणाल्या.

स्मृतियंत्र अजून बाजारात आलं नव्हतं. आगाऊ नोंदणी केलेल्या पेशंटने दर महिन्याला फोनवर स्वतःच्या तोंडाने होकार द्यायचा, असा कंपनीचा नियम होता. बाजूच्याने एक शब्द जरी सुचवला, तरी नोंदणी रद्द.

नोंदणी पाडव्याच्या सकाळी नऊला सुरू झाली होती. पाडव्याचा सगळा दिवसच शुभ असला, तरी सोमण खास मुहूर्तासाठी पावणेबारापर्यंत थांबले आणि त्यांचा नंबर साठ हजारांच्या पुढे गेला. तेव्हा निर्मलाबाई फक्त चष्मा कुठे ठेवला ते विसरायच्या. आता दीड वर्षाने मुलाचं नाव आठवत नव्हतं.

अकराला फोन वाजला. सोमणांनी तोंडावर रुमाल दाबून धरला.

"आपलं नाव?"

"निर्मला विद्याधर सोमण."

सोमणांचा जीव भांड्यात पडला.

"आपल्याला हे यंत्र हवं आहे का?"

निर्मलाबाईंनी उलट विचारलं, "केवढ्याला आहे?"

फोनवरच्या आवाजाने किंमत सांगितली. निर्मलाबाईंच्या कपाळावर आठी पडली. कितीतरी महिन्यांत सोमणांनी ती पाहिली नव्हती. चाळीस वर्षं ज्या आवाजात त्या भाजीवाल्यांशी बोलल्या, त्याच आवाजात म्हणाल्या, "नको बाई. एवढे पैसे घालून काय करायचंय?"

"धन्यवाद. आपली नोंदणी रद्द केली आहे."

निर्मलाबाईंनी फोन ठेवला आणि समाधानाने नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, वाचवले बघा तुमचे पैसे."