रिंग थांबली

बाबांच्या घरचा फोन इंटरनेटवर गेला, तेव्हा धाकटीने तिन्ही भावंडांचे मोबाइल त्याला जोडून दिले. "बाबा, हे एवढं बटण दाबलंत की आमचे तिघांचेही फोन एकदम वाजतील. एकाने उचलला की बाकीच्यांचे आपोआप थांबतील."

"म्हणजे एका हाकेत तिघंही हजर!" बाबा हसले. "जेवायला बोलावताना तर माझा घसा कोरडा पडायचा."

मंगळवारी दुपारी बाबांचा फोन आला, तेव्हा धाकटीचं बाळ दूध पिता पिता नुकतं डोळे मिटत होतं. त्याच्या डोक्याखालचा हात सोडवेपर्यंत रिंग थांबली. दादाने उचलला वाटतं, असं मनाशी म्हणत ती बाळाला थोपटत राहिली.

संध्याकाळी बाबांच्या शेजारच्या काकूंचा निरोप आला आणि तिघंही हॉस्पिटलात धावली. तिने दादाला विचारलं, "दुपारी बाबा काय म्हणाले रे तुला?"

"मला? मी मीटिंगमध्ये होतो. रिंग थांबली, म्हटलं ताईने घेतला."

ताई म्हणाली, "मला वाटलं, धाकटीने..."

आत बाबांच्या तोंडावर चादर ओढलेली होती. एका हाकेत तिघंही हजर होती.